इस्त्रीचा गणवेश

मुलांची आबाळ ओळखण्यात मी एकाच वर्षी दोनदा चुकले, आणि दोन्ही वेळा कपड्यांकडे पाहून चुकले.

करोनाच्या आधीची गोष्ट. रामवाडीत राहून मी पेण तालुक्यातल्याच एका लहान शाळेवर शिकवायला जात असे. दुसरीत एक कातकरी मुलगी होती. केसांच्या जटा, हाताला खरूज, काखोटीला धाकटा भाऊ. दिवाळी झाली की तिच्या वाडीतली माणसं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिचे आईबाप निघायच्या तयारीत होते, तेव्हा मी वाडीवर जाऊन त्यांना फैलावर घेतलं. "पोरीला नेलंत तर पोलिसांत कळवीन," असंही बोलून गेले. त्यांनी मुकाट ऐकून घेतलं आणि रातोरात पोरांसकट निघून गेले.

मग त्यांच्या शेजारणीनं सांगितलं, मुलांना सांभाळणारी आजी गणपतीतच वारली होती. पोरीला ठेवणार कुणापाशी? हंगामी वसतिगृहासाठी खटपट करता आली असती. निदान भट्टीजवळच्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक द्यायचं. ते कोरे कागद आमच्याच कपाटात पडले होते. मी दिला तो दम. तिच्या खरजेला आई करंजाचं तेल लावत होती, तेही मला ठाऊक होतं. त्या वासानं मीच नाक मुरडत असे.

त्याच वर्गात इस्त्रीच्या गणवेशातला एक मुलगा होता. घर नावाजलेलं. त्याचा कान वाहायचा, आत कापूस कोंबलेला असायचा. सोमवारी खिचडी पुन्हा पुन्हा मागायचा. शाळा सुटली तरी फाटकाशी रेंगाळायचा. मी वहीत 'कान दाखवून घ्या' असं लिहिलं, कुणी दाखवला नाही, मीही सोडून दिलं. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. डॉक्टरांनी तपासलं, पडद्याला भोक पडलं होतं. "कधीपासून वाहतोय?" त्यांनी विचारलं. जूनपासून, हे वर्गात फक्त मला माहीत होतं.

यानंतरही शहाणपण सुचलं नाही. सगळ्या शिक्षकांसमोर मी त्याला विचारलं, "घरी जेवायला देत नाहीत का रे?" तो म्हणाला, "देतात." एकट्याला विचारलं तेव्हा कळलं, शनिवार-रविवारी मोठी माणसं बाहेरून कुलूप लावून जात. कुणाला सांगणार नाही, असं मी त्याला वचन दिलं, आणि ते मोडून मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 या क्रमांकावर फोन केला. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं. तो रोह्याला मावशीकडे राहू लागला. माझ्याशी मात्र परत बोलला नाही.

2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 नंतर वाचलं. ताब्यातल्या मुलाची जाणूनबुजून हेळसांड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पण हतबल होऊन मूल सोडावं लागलेल्या जन्मदात्यांना त्याच कलमात वगळलं आहे, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा या कायद्यानुसार शेवटचा उपाय आहे. मी धमकी दिली ती नेमकी हतबलांना.

1098 फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. संशय आला की फोन करावा. पुरावा आपण जमवायचा नसतो. माझे ते महिने पुरावा जमवण्यात गेले नाहीत, भिडेत गेले.