दोन बशांतले मॉस

नववीला ब्रायोफायटा शिकवताना मी दरवर्षी कोरडे मॉस वर्गात आणायला सांगते. आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. पण भिंतीवर मखमलीसारखे बसते ते मॉस.

यंदा फेब्रुवारीत पालघरच्या एका मुलीने विहिरीच्या कठड्यावरून तुकडा आणला. बोईसरहून येणाऱ्या मुलाने एमआयडीसीजवळच्या कुंपणभिंतीवरून. दोन बशांत ठेवून पाणी शिंपडलं. पहिला काही मिनिटांत हिरवागार. दुसरा भिजला, पण काळपटच राहिला.

"मॅडम, आमच्याकडची हवा खराब म्हणून का?"

'हो' म्हणणं सोपं होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. पण दोन तुकड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो. भिंतीला ऊन किती, मॉसची जात कोणती, ते किती दिवस कोरडं होतं, हे सगळं वेगळं असू शकतं.

मग फळ्यावर समजावलं. मॉसला खरी मुळं नाहीत, मूलाभ फक्त धरून ठेवतात. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं. पाणी आणि त्यासोबत येणारं सगळं ते अंगानेच शोषतं. कोरडं असताना ते जणू झोपलेलं असतं, तेव्हा वायूंचा त्रास कमी. ओलं झालं की आधी पेशींची डागडुजी करावी लागते. नेमकं तेव्हाच सल्फर डायऑक्साइड पानावरच्या पाण्यात विरघळतो आणि हरितद्रव्याला इजा करतो. पहाटेच्या दवाने थोडा वेळ भिजून लगेच वाळलं, तर अन्न तयार होण्याआधीच डागडुजीत शक्ती संपते. म्हणजे वाळणं आणि प्रदूषण एकमेकांच्या मदतीला येतात. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकाअखेरीस शास्त्रज्ञांनी हवेतून पडणारे धातू मोजायला मॉसच वापरलं, ते याच शोषण्यामुळे.

तो मुलगा म्हणाला, "मॉस हवेतनं घेतं, तसं आम्हीपण घेतो ना? मग आमचं कोण मोजतं?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, "आधी आपण मॉस नीट मोजू."

आता दोन्ही गावांतल्या सावलीतल्या, सारख्याच सिमेंटच्या भिंतींवरून दहा-दहा तुकडे आणायचं ठरलंय. किती मिनिटांत हिरवे होतात, ते वहीत लिहायचं. पालकहो, मुलं भिंत खरवडताना दिसली तर रागावू नका. वहीत काय लिहिलं, ते मात्र आवर्जून विचारा.