ओढ आणि थरथर

सिरुसेरी हे चेन्नईच्या दक्षिणेचे एके काळचे खेडे. आज तेथे संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, गणिताची एक नामांकित संस्था आहे, आणि या सर्वांच्या अधूनमधून काही तळी व ताडाची झाडे अजून टिकून आहेत. अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी येथे वर्षभरासाठी आलो, तेव्हा वडिलांना पुण्यात एकटे ठेवणे शक्य नव्हते. ते आले, पण एका अटीवर : तिरुचिरापल्लीचा तुरुंग दाखवायचा. सविनय कायदेभंगाच्या १९३०च्या चळवळीत पकडल्यानंतर साने गुरुजींना त्या तुरुंगात ठेवले होते. तेथे त्यांची तमिळशी ओळख झाली, आणि पुढे तिरुवळ्ळुवरांचा ‘तिरुक्कुरळ’ त्यांनी मराठीत आणला. अप्पांना कुरळाशी कर्तव्य नव्हते. ‘श्यामची आई’ वाचून ज्यांचे डोळे भरून आले, त्या पिढीचे ते. त्यांना ती भिंत पाहायची होती.

अप्पांनी एस.टी.ची गाडी तीस वर्षे चालवली, त्यातली बरीचशी वरंधा घाटात. आता त्यांना कंपवात आहे. मांडीवर ठेवलेला उजवा हात सारखा थरथरत असतो. गाडीची किल्ली मी चार वर्षांपूर्वीच त्यांच्याकडून काढून घेतली होती. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

तिरुचिरापल्ली येथून सुमारे तीनशे किलोमीटर. माझ्या जुन्या मोटारीचे टायर कडक होऊन तडकू लागले होते, म्हणून एका मोठ्या दुकानात जाऊन नवे घातले. आणि दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून लोखंडी चाकांऐवजी मिश्रधातूची देखणी चाकेही बसवून घेतली. परतताना गाडी सारखी डावीकडे जाऊ पाहत होती, आणि वेग ऐंशीच्या पुढे जाताच स्टिअरिंग हातात थरथरू लागे. शेजारी बसलेल्या अप्पांनी तळहात समोरच्या फळीवर टेकला आणि म्हणाले, “दोन दुखणी आहेत. ओढ वेगळी, थरथर वेगळी.”

मी ते मनावर घेतले नाही. ज्याचा स्वतःचा हात क्षणभर स्थिर राहत नाही, त्याने गाडीच्या कंपाविषयी काय साक्ष द्यावी, असा विचार माझ्या मनात आला, हे येथे कबूल केले पाहिजे. मी दुकानात एकटाच परत गेलो. तेथे चाके यंत्रावर फिरवून तोल पुन्हा तपासला, तो बिनचूक निघाला; चाकांचे कोन मोजले, तेही बरोबर होते. “रस्ताच तसा आहे, सर,” असे सांगून त्यांनी माझी बोळवण केली. यात अर्धे सत्य होते. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार देतात, आणि डाव्या बाजूने चालणारी गाडी त्या उताराने थोडी डावीकडे सरकते. पण संस्थेच्या आवारातल्या सपाट, रिकाम्या वाहनतळावरही माझी गाडी डावीकडेच जात होती.

शेवटी केळंबाक्कमच्या वाटेवर एका झाडाखाली काम करणाऱ्या कारागिराकडे गेलो. या वेळी अप्पा बरोबर होते. त्यांना मी अप्पा म्हणतो, आणि तमिळमध्येही बापाला तोच शब्द; त्यामुळे आमचे नाते सांगण्याची गरज पडली नाही. अप्पा मराठीत बोलत होते, कारागीर तमिळमध्ये, आणि उरलेले दोघांचे हात बोलत होते. अप्पांनी एक मूठ डावीकडे ओढून दाखवली, मग दोन बोटे उभी केली, आणि मग दोन्ही मुठी स्टिअरिंग धरल्यासारख्या करून हलवल्या. कारागिराने मान डोलावली. थरथर बैठकीत नसून स्टिअरिंगमध्ये होती, म्हणजे दोष पुढच्या चाकांत, एवढे त्याला तेवढ्यावरून कळले.

प्रथम त्याने चारही टायरांतील हवेचा दाब सारखा केला आणि गाडी फिरवून आणली. फरक नाही. मग पुढचे डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावले, आणखी कशालाही हात लावला नाही. आता गाडी उजवीकडे ओढू लागली. थरथर मात्र होती तशीच. एका अदलाबदलीत दोन्ही दुखणी वेगळी झाली. दोष चाकांच्या कोनात असता, तर ओढ डावीकडेच राहिली असती. ती चाकाबरोबर बाजू बदलून गेली, म्हणजे ती टायरच्या अंगातली होती. टायरच्या आतील तारांचे पट्टे मधोमध न बसता किंचित एका अंगाला बसले, तर टायर चालताना सूक्ष्म शंकूसारखा वागतो. निमुळत्या बुडाचा पेला आडवा करून लोटला, तर तो सरळ न जाता बुडाकडे वळतो, तसेच हे. तोल तपासणाऱ्या यंत्राला फक्त वजनाची वाटणी कळते, हा कल कळत नाही. कारागिराने तो टायर हुडकून मागच्या बाजूला नेला आणि ओढ संपली.

थरथरीचे कारण त्याने चाक उतरवून बोटानेच दाखवले. माझ्या गाडीच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, नव्या चाकाचे मधले भोक, अनेक गाड्यांना चालावे म्हणून, ७३.१ मिलिमीटरचे. मधे भोवताली साडेनऊ मिलिमीटरची पोकळी. ती भरून काढणारे कडे दुकानात बसवायचेच राहिले होते. त्यातून गाडीचे वजन चाकावर असतानाच नट एका मागोमाग एक आवळलेले. त्यामुळे चाक केंद्रापासून ढळून बसले. पंधरा किलोचे चाक अर्धा मिलिमीटर जरी ढळले, तरी त्याच्या कडेला चाळीस ग्रॅम वजन बांधल्यासारखे होते. आणि ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगाला, सेकंदाला चौदा फेरे होत असताना, ते चाक सुमारे सहा किलोच्या जोराने हबला हिसके देते. यंत्रावर हा दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण यंत्र चाकाला त्याच्या स्वतःच्या भोकाने धरते, माझ्या गाडीच्या हबने नव्हे. चाक निर्दोष होते, हबही निर्दोष होता. दोष दोघांच्या मधल्या पोकळीत होता. चार कडी आली, गाडी उचलून धरून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले गेले, आणि थरथर गेली.

त्या रात्री मी एक निबंध टेबलावरून उचलून खणात ठेवला. सात पदांचे कुरळ मराठीत येताना करुणेकडे झुकतात, आणि हा झुकाव साने गुरुजींच्या स्वभावाचा, असे मी त्यात ठामपणे लिहिले होते. परंतु माझी तुलना कशाशी होती? इंग्रजीच्या आधाराने मला समजलेल्या तमिळशी. भाषा, अनुवादक आणि वाचक ही तिन्ही चाके मी एकदम बदलली होती, आणि ओढ जाणवताच एकाच्या माथी मारून मोकळा झालो होतो. त्याच कुरळांचे दुसऱ्या हाताने केलेले मराठी शेजारी ठेवायला हवे होते. हेन्री थॉमसच्या ग्रंथावरून गुरुजींनी केलेली ‘मानवजातीची कथा’ही पाहायला हवी होती. झुकाव त्यांच्या हाताबरोबर तिकडेही गेला, तर तो त्यांचा. दुसऱ्या अनुवादातही टिकला, तर कदाचित मराठीचा. आणि सर्वत्र आढळला, तर तो माझा, वाचणाऱ्याचा. दोन साहित्ये आपापल्या जागी निर्दोष असतात आणि थरथर मधल्या पोकळीची असते, ही शक्यता तर मी विचारातही घेतली नव्हती.

पण त्याहून मोठी चूक घरातली होती. मी अप्पांना विचारले, “तुमचा हात कापत असताना तुम्हांला गाडीचे कापणे कसे कळले?”

ते म्हणाले, “अरे, माझा हात कापतो तो नुसता पडून असला म्हणजे. कुठे टेकून धरला की थांबतो. गाडी कापते ती धावताना. दोन्हीची गल्लत कशी होईल?”

कंपवाताचे हे लक्षण डॉक्टरांनी मला चार वर्षांपूर्वी सांगितले होते. मी ते ऐकले होते आणि त्यांचे सांगणे मोडीत काढताना विसरलो होतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिरुचिरापल्लीला गेलो. तुरुंगाची भिंत बाहेरूनच पाहिली. अप्पा तिच्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले. परतताना विळुप्पुरमच्या अलीकडे मोकळा रस्ता लागला, तेव्हा गाडीचा वेग नव्वद होता. त्यांनी तळहात समोरच्या फळीवर टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “सरळ आहे,” ते म्हणाले. मग हात मांडीवर घेतला, आणि तो पुन्हा थरथरू लागला.