ऐंशीच्या घरातला नवा अल्बम

शिकागोतल्या एका छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीत मी प्रसिद्धीचं काम बघते. कंपनी म्हणजे मालक, एक साउंड इंजिनिअर आणि मी. ब्लूजचं वेड मात्र मुंबईचं. 2011 साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला बडी गाय यांना ऐकलं आणि तिथेच ते लागलं.

मध्यंतरी आमच्याकडे ऐंशी ओलांडलेल्या एका गायक-गिटारवादकाचा अल्बम आला. जन्म मिसिसिपीतला, उमेदीची वर्षं शिकागोच्या साउथ साइडमध्ये गेलेली. दिवसा कारखाना, रात्री क्लब. जाहिरातीसाठी पैसे नव्हतेच. मग या धंद्यातली जुनी वाट धरली. ब्लूज गिटारवादक हाउंड डॉग टेलर यांचा पहिला अल्बम काढायचा म्हणून ब्रूस इग्लॉअर यांनी 1971 साली ॲलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. त्यांनी हजार प्रती काढल्या आणि त्या गाडीत घालून रेडिओ स्टेशनं पालथी घातली. आता गाणी ई-मेलने जातात. पण कॉलेजच्या आणि सार्वजनिक रेडिओवर शनिवार-रविवारी ब्लूज लावणारे निवेदक, त्यातले बरेचसे बिनपगारी, अजूनही फोनवर बोलणाऱ्या माणसाचं गाणं आधी ऐकतात. मी फोन करत राहिले.

पत्रकारांना वेगळंच हवं होतं. कापसाची शेतं, गरिबी, वर्णभेद. वय तर प्रत्येक मथळ्यात. आमचे हे गायक आजोबा उत्तरं द्यायचे, पण कंटाळून. एकदा माझ्या टेबलावरचा फोन त्यांनी स्पीकरवर टाकला, करंगळीत तारांवर सरकवायची पितळी नळी चढवली आणि पत्रकाराला म्हणाले, ‘‘ते सगळं झालंय खरं, पण तिसऱ्या गाण्यात मी तारा वेगळ्या लावल्यात, ते ऐकलंत का?’’ आणि तो तुकडा वाजवून दाखवला. पुढची मुलाखत गिटारवर झाली. त्यानंतर आमच्या माहितीपत्रकात गाणी वर गेली आणि जन्मसाल खाली आलं.

रेडिओवर गाणं वाजलं म्हणजे कलाकाराच्या खिशात पैसे पडले, असं सगळ्यांना वाटतं. अमेरिकेत एएम-एफएम स्टेशनं गाणं रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला मानधन देतात; गाणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला कायद्याने काहीच देणं लागत नाहीत. सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओचे पैसे साउंडएक्सचेंज ही संस्था गोळा करते आणि त्यातले 45 टक्के मुख्य कलाकाराला थेट देते. म्हणजे एएम-एफएमचे पैसे मिळायचे तर गाणं कोणाच्या नावावर आहे, यावर सगळं अडतं. आजोबांच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांनी एकरकमी थोडे डॉलर घेऊन सह्या केल्या आणि हक्क घालवून बसले. म्हणून अल्बम बाहेर पडण्याआधी गाण्यांची नोंदणी त्यांच्या नावावर झालीय ना, हे मी दोनदा तपासलं. त्यांनी चष्मा लावून तिसऱ्यांदा तपासलं.

परीक्षणं चांगली आली. स्ट्रीमिंगचे आकडेही बरे होते, पण त्यातून हाती आलेली रक्कम सांगण्यासारखी नाही. खरी विक्री झाली क्लबच्या दारापाशी मांडलेल्या टेबलावर. कार्यक्रम संपला की आजोबा घाम पुसत तिथे येऊन बसायचे, गिऱ्हाइकाला नावाचं स्पेलिंग विचारायचे आणि सावकाश सही करायचे. रांग खोळंबायची, पण रांगेतून कोणी निघून जात नसे. नोटा ते स्वतः मोजून घ्यायचे. हिशेब दुसऱ्यावर सोडायचा नाही, हे आयुष्याने शिकवलं होतं.

एवढ्या खटाटोपानंतर माझं मत पक्कं झालंय. म्हाताऱ्या कलाकाराची कीव विकून अल्बम फार दिवस चालत नाही. गाणं चांगलं असेल, हक्क त्याच्या नावावर असतील आणि माल त्याच्या हातून जाईल, तरच त्याला चार पैसे मिळतात. तेव्हा पुढच्या वेळी कोणाही वयस्क गवयाच्या कार्यक्रमाला गेलात आणि बाहेर त्याच्या सीडीचं टेबल दिसलं, तर नुसता फोटो काढून निघू नका. एक सीडी विकत घ्या.