वसियतीतले राहून गेलेले पान

अब्बांची वसियत तयार होती. कोणाचे किती देणे आहे, कोणाची अमानत कपाटात आहे, मदरशाला किती द्यायचे, सारे सुवाच्य उर्दूत लिहिलेले. पण पक्षाघातानंतर अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरांनी विचारले, "व्हेंटिलेटर लावायचा का? सही कोण करणार?" याचे उत्तर त्या कागदात नव्हते.

जिद्दाहून भाईजान फोनवर म्हणाले, "लावा, काही झाले तरी लावा." आपा म्हणाली, "त्यांचे हाल करू नका." अम्मी तस्बीह घेऊन गप्प. शेवटी सही मी केली. अकराव्या दिवशी अब्बांचा इंतकाल झाला. त्या सहीबद्दल आपा तीन वर्षे माझ्याशी बोलली नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग आठवतात ना? नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तो मान त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. खुद्द अरुणाताईंना काय हवे होते, हे कळण्याचा मार्गच नव्हता.

आता मार्ग आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालाने 'लिव्हिंग विल'ला मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी झाली. सज्ञान व्यक्तीने शुद्धीत, स्वखुशीने लिहायचे; दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. आपण बोलू शकलो नाही तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यावा, त्या विश्वासू माणसांची नावे त्यात द्यायची. बरे होण्याची आशा उरलेली नाही, हे डॉक्टरांची दोन मंडळे तपासतात. कागद केव्हाही बदलता येतो.

मोहल्ल्यातील मौलानांना मी विचारले. ते म्हणाले, "जीव घेणे हराम, यात दुमत नाही. पण ज्या उपचाराने फायदाच नाही, तो सोडणे ही वेगळी बाब आहे. डॉक्टर आणि आलिम, दोघांना विचारून लिहा." तसेच लिहिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अदालत रोडवर नोटरीकडे जाण्यापूर्वी मी आपाच्या घरी गेले. शौहरांच्या नावाखाली तिचे नाव लिहायचे होते. ती कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "माझेच का? तुझ्या सहीवर मीच तर रागावले होते."

"म्हणूनच. तू माझे हाल होऊ देणार नाहीस."

तिने चहा ठेवला, चष्मा लावला आणि म्हणाली, "मला काय वाटते ते राहू दे. तुला काय हवे ते सांग, एकेक करून."

आम्ही मगरिबपर्यंत बोलत बसलो. अब्बांना हे कोणी कधी विचारलेच नव्हते.