धीर येतो कुठून?

आमच्या शाळेत दिवसातून दहा वेळा तरी 'हिम्मत रख!' अशी आरोळी ऐकू येते. क्रॉस कंट्रीत, दोरावर, बॉक्सिंगच्या रिंगणात. ओरडणाऱ्याचे मन चांगलेच असते. पण हिंमत ठेवायची तर आधी ती जवळ असावी लागते. ती आणायची कुठून?

याचे उत्तर अल्बर्ट बांडुरा यांनी शोधले. कॅनडात जन्मलेले हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत. सापाला विलक्षण घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले. आधी दुसऱ्याला साप हाताळताना पाहायचे, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा, मग उघड्या हाताने आणि शेवटी साप मांडीवर घ्यायचा! १९७७ साली त्यांनी यावर आपला सिद्धांत मांडला. 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या कोणाला करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने आणि आपल्या शरीराच्या खुणांचा अर्थ नीट लावल्याने. यांत पहिली वाट सर्वांत पक्की.

आमच्या समुपदेशक मॅडमनी हे वर्गात सांगितले तेव्हा मी नववीत होतो आणि मला पाण्याची भीती होती. माझे गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी घरात शिरले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. जवानांनी आम्हाला बोटीतून बाहेर काढले. मला फौजेत जायचे आहे ते त्या बोटीमुळे आणि पाण्याजवळ पाय लटपटतात ते त्या पुरामुळे. एनडीएत गेलो तर पोहणे चुकणार नाही. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या एका टेस्टचा नव्हता.

मॅडम आणि पोहण्याचे उस्ताद यांनी मिळून माझ्यासाठी पायऱ्या आखल्या. पहिला आठवडा नुसते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे. दुसऱ्या आठवड्यात कठडा धरून तोंड पाण्यात घालायचे आणि दहा आकडे मोजायचे. मग फळी धरून पाय मारायचे. माझा एक कोर्समेट राजस्थानचा. शाळेत येईपर्यंत तो कधी पाण्यात उतरलाच नव्हता. तो हातपाय मारत पुढे गेला, तेव्हा जो धीर आला तो आमच्या हाऊसच्या चॅम्पियनला पाहून कधी आला नव्हता. छाती धडधडू लागली की मॅडमचे बोलणे आठवे : शर्यतीच्या रेषेवरही ती अशीच धडधडते, तिथे आपण तिला तयारी म्हणतो.

तीन महिन्यांनी मी २५ मीटर पोहलो. भीती गेलेली नाही. खोल बाजूला ती अजून भेटते. पण आता तिला दाखवायला माझ्याजवळ २५ मीटर आहेत.

आजकाल आरोग्याचे मार्गदर्शन करणारे 'हेल्थ कोच' हीच पद्धत वापरतात. 'वजन कमी करा' असे नुसते बजावण्यापेक्षा माणसाला आज जमेल असे एक छोटे काम ते त्याच्याशी बोलूनच ठरवतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे आजीबरोबर करून पाहिले. तिला मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले होते. ती म्हणे, "माझ्यानं न्हाई व्हायचं, बाळा."

मी विचारले, "मग कुठवर होईल?"

"पारापत्तोर जाईन."

आम्ही पारापर्यंतच गेलो. चार दिवसांनी तिची मैत्रीणही येऊ लागली आणि दोघी बोलत बोलत विठोबाच्या देवळापर्यंत पोचल्या. मी शाळेत परत आलो तरी त्यांचे चालणे थांबलेले नाही. मागच्या रविवारी फोनवर आजीने आधी तब्येतीचे काही सांगितलेच नाही. म्हणाली, "आता डेअरीपत्तोर जातोय आम्ही. तुझं पवणं कुठवर आलं?"