राष्ट्रकूटांच्या मुलखात : कंधार ते लातूर

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, कंधार

नांदेडहून लोह्यामार्गे एसटीने उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. स्टँडजवळ सुशीला मिळाली. भिजवून पिळलेले चुरमुरे, हिरव्या मिरचीची फोडणी, वर शेंगदाण्याचा कूट. तिखट चांगलेच होते.

मन्याडच्या खोऱ्यातले हे तालुक्याचे गाव एके काळी राष्ट्रकूटांचे राजधानीचे ठाणे होते, हे स्टँडवर उभे राहून पटत नाही. तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) म्हणजे ९४९ साली तक्कोलमला चोळांचा पराभव करणारा राजा. कंधारच्या शिलालेखात त्याच्या काळातले नगर दिसते, आणि त्यात जगत्तुंग समुद्राचा उल्लेख आहे. हा समुद्र म्हणजे गावालगतचा तलाव. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा गोविंद तिसऱ्याचे बिरुद. तलाव आजही भरलेला आहे, काठावर कपडे आपटले जात आहेत. राजवाडे गेले, हिशेबाने अडवलेले पाणी राहिले. मला तर किल्ल्यापेक्षा हा तलावच अधिक राजेशाही वाटला.

किल्ला भुईकोट आहे. पाण्याने भरलेला रुंद खंदक ओलांडून आत शिरावे लागते. बुरुजांवर फारसी लेख, आत पडके महाल आणि मांडून ठेवलेल्या भग्न मूर्ती. याच परिसरात एका महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे सापडले. नुसती पावले पाहिली तरी मूळ मूर्ती कित्येक पुरुष उंच असणार हे कळते. बहमनी, निजामशाही, मोगल असे सगळे इथे येऊन गेले. १६३१ साली शाहजहानच्या सैन्याने हा किल्ला घेतला, त्याचे चित्र ‘पादशाहनाम्या’त आहे. नाव वाचून अफगाणिस्तानातल्या कंदाहारकडे धावू नये, ते चित्र इथलेच.

रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. ‘शाही’ थाळीची पाटी गावात कुठेच दिसली नाही, हे बरेच झाले. तिसऱ्या कृष्णाच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हतीच. ती पोर्तुगिजांबरोबर पाचसहाशे वर्षांनी आली. ज्वारी, तूर, हरभरा, ताक मात्र तेव्हाही होते.

वद्य चतुर्दशी, माळेगाव

लोह्याजवळची खंडोबाची जत्रा. घोडे, गाढवे, उंट, वाघ्या-मुरळी, भंडारा. धूळ इतकी की रेवड्यासुद्धा पिवळ्या लागल्या. दुपारीच लातूरची गाडी पकडली.

अमावस्या, लातूर

राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवत. लट्टलूर म्हणजे हेच लातूर. पण आज लेख-ताम्रपट कोण विचारतो? आज वेळ अमावस्या, शहर ओस, सगळे शेतात. एका शेताच्या कडेने चाललो होतो तर हाक आली, “ओ पाहुणे, असं बिनजेवता कुठं निघालात?”

कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडलेले. पूजा झाली, नैवेद्य झाला, मग पंगत. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, पावट्याचे ओले दाणे, पालेभाज्या, आंबट चुका, चिंच, बेसन, सारे एका पातेल्यात शिजलेले. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदगीतले आंबील. ज्वारीच्या पिठाचे हे ताक डोक्यावरून शेतात आणतात. आजींनी वाटी रिकामी होऊच दिली नाही. नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत ही माणसे. मिरची वगळली तर या पंगतीला अमोघवर्षालाही बसवता आले असते. तो शांत, ‘कविराजमार्गा’शी नाव जोडलेला राष्ट्रकूट राजा, त्यानेही दुसऱ्यांदा भज्जी मागितली असती.

त्याने वसवलेली राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. उद्या सकाळी तिकडे निघतो. तिथली भाकरी म्हणे पापडासारखी कडक असते, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी.