वादळाआधी खुराडे रिकामे करा

कोंबड्या म्हणजे घरच्या बाईची स्वतःची मिळकत. मुलांच्या वह्या, वाण्याची उधारी, अवचित आलेला पाहुणा, सारे अंड्यांच्या पैशावर निभते. म्हणून वादळाची सूचना आली की गुरांबरोबर कोंबड्यांचीही सोय पाहावी.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आमच्या रायगडात शिरले. आदल्या संध्याकाळीच मी बारा कोंबड्या माजघरात आणल्या. सासूबाई म्हणाल्या, “अगं, इथे माणसांना जागा पुरेना, त्यात ह्या कशाला?” मी म्हटले, “खुराड्यावरचा पत्रा कोसळला तर कोंडलेल्या जिवांनी पळावे कुठे?” दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा उडालाच.

भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. कोंबड्या डालग्याखाली ठेवून वर गोणपाट टाकावे. अंधारात त्या शांत बसतात. मात्र हवा खेळती राहू द्यावी. खाली कोरडा पेंढा पसरावा. पिले आईजवळच ठेवावीत, कारण पिसे न फुटलेले पिलू भिजले की गारठ्यानेच दगावते. भिजलेली कोंबडी फडक्याने कोरडी करून उबेला ठेवावी, पण चुलीच्या धुरात नको. भिजलेल्या दाण्याला बुरशी धरते, तो खाऊ घालू नये.

त्यानंतर कित्येक दिवस गावात वीज नव्हती, बाजारही भरत नव्हता. पण घरात अंडी होती. आता आभाळ भरून आले की डालगे शोधायला सासूबाईच आधी उठतात.